वरची पायरी

नानासाहेबांनी बायकोला माझ्याकडे आणलं ते तिच्या हातांसाठी नाही, पाण्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला त्यांची कीव यायला नको.

भूमला दवाखान्याच्या मागच्या अंगाला मला एक खोली मिळाली होती. मी बंगळूरला शिकून आले होते आणि दारावर ‘मानसोपचार’ अशी पाटी होती, खाली माझं नाव, रत्नमाला पिराजी ओहाळ. गावात त्या खोलीला येड्याची खोली म्हणत आणि मला येड्याची बाई. माणसं यायची ती फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. हातात पिशवी, पिशवीत वांगी नाहीतर कांदे, म्हणजे कुणी हटकलंच तर बाजाराला आलोय म्हणून सांगता यावं. तापाला डॉक्टर चालतो, मोडल्या हाडाला चालतो, पण मनाला काही झालं की ते वांग्याखाली लपवायचं.

मी गोळ्या देत नसे. माझं काम बोलण्याचं आणि करून घेण्याचं. माणसाच्या डोक्यात एक विचार घट्ट बसतो, त्यातून भीती येते, भीती टाळायला माणूस काहीतरी करतो, आणि ते केलं की विचार आणखी घट्ट होतो. ही गाठ सोडवायची, पण प्रत्येकाची गाठ वेगळी. गोरोबा नावाचा एसटीचा ड्रायव्हर होता. अपघातानंतर गाडीत पाय ठेवला की छाती धडधडायची आणि आता मेलोच असं त्याला वाटायचं. त्याला आधी डेपोत उभ्या गाडीत बसवलं, मग जवळच्या वाशी गावाच्या गाडीत प्रवासी म्हणून पाठवलं. छाती खुशाल धडधडू दिली. धडधडून माणूस मरत नाही, हे त्याचं त्यानं बघितलं. एक मास्तर होते, ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. ‘माझ्यामुळं सगळ्यांचं वाटोळं झालं’ एवढंच बोलायचे. त्यांना गाडीत बसवून काय उपयोग? त्यांना आधी उठून दाढी करायला लावली, मग शेळीला पाला टाकायला, आणि वाटोळं नेमकं कुणाचं झालं त्याचा पुरावा द्या म्हणून मागं लागले. पुरावा सापडेना तेव्हा पहिल्यांदा ते हसले.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस हुकला होता. दिवाळीलाच विहिरी तळाला गेल्या. संक्रांत झाल्यावर एका बाजाराला नानासाहेब आले, कडक इस्त्रीचे कपडे, मागं बायको. भूम-वाशी रस्त्यावरच्या एका गावचे ते पाटील, दूध सोसायटीचे चेअरमन. गावात टँकर तेच आणत आणि टँकर उभा राही तोही त्यांच्याच दारात.

“दिसाला पाच घरचं पानी एकटी संपवती,” ते म्हणाले. “गाव तोंडावर बोलत न्हाय, पर माघारी बोलतंय. चेअरमनची बायकू टँकर पिऊन टाकती म्हंत्यात. औंदा सोसायटीचं इलेक्शन हाय, बाई. आखितीपतूर फरक पडला तर पडला, न्हायतर हिला म्या वाशीला माहेरी नेऊन घालनार. पोरगी ऱ्हाईल आमच्याकडं.”

बायको, केशर, पदराखाली हात घेऊन बसली होती. मी हात दाखव म्हणाले. कातडं पांढरं पडून फाटलं होतं, बोटांच्या पेरांवर रक्त साकळलेलं.

“हे कधीपासून?”

“लगीन झाल्यापासनं सोवळ्याची लई. आमची आई गावभर कौतिक करायची, सून मिळावी तर अशी. मधी पोरगं गेलं तवापासनं जास्तच झालं.”

ऐकलंत? विहिरीत पाणी होतं तोवर बाई रक्त निघेपर्यंत हात घासत होती, आणि त्याला वळण म्हणत होते. विहीर आटली आणि तो आजार झाला. मी नानासाहेबांना बाहेर बसायला सांगितलं. ते काही पटकन उठले नाहीत.

केशर बोलली ती खाली मान घालून. तिचा पहिला मुलगा रांगता होता. त्यांच्या शेताजवळ रोजगार हमीची सडक चालली होती. कामावरच्या एका बाईनं पाणी मागितलं. केशरनं तांब्या दिला, बाईनं पिऊन परत दिला, केशरनं तो हातानं घेतला आणि घरी येऊन बाळाला पाजलं. त्या आठवड्यात बाळ हगवणीनं गेलं.

“सासूबाई म्हनल्या, म्हारनीच्या भांड्याला लागलेला हात लेकराला लावलास, म्हनून गेलं. तवापासनं हातातनं जातच न्हाय, ताई. किती बी धुवा.”

पाटीवरचं माझं आडनाव तिनं वाचलं होतं. ती चौथी शिकलेली होती. तरी तिनं हे मला सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

“आणि मुलगी?”

“भामी. दोन वर्साची हाय. म्या तिला घेत न्हाय. ती उंबऱ्याच्या अलीकडं रडती, म्या पलीकडं हात धुती.” मग अगदी हळू म्हणाली, “मला तिला एकदा घ्यायचंय.”

बाकी सगळं चुलीत जाऊ दे, टँकर, सोसायटी, इलेक्शन. मला कामाला लागायला एवढं पुरेसं होतं.

या आजारात भीतीच्या पायऱ्या करायच्या असतात. सगळ्यात कमी भीतीची खाली, सगळ्यात जास्तीची वर. एकेक पायरी चढायची आणि चढल्यावर हात धुवायचे नाहीत. भीती चढते तशी आपोआप उतरते, फक्त तिला उतरू द्यायचं, मधेच पाणी ओतायचं नाही. केशरला हे कागदावर कळेना, म्हणून मी तिची बाजाराची पिशवी टेबलावर पालथी केली. कोथिंबिरीची जुडी म्हणजे घराचा उंबरा. मिरच्या म्हणजे केरसुणी. कांदा म्हणजे नवऱ्याची चप्पल. ती मन लावून मांडत गेली, एकदा हसलीही. शेवटी तिनं भोपळा उचलला, सगळ्यांच्या वर ठेवला.

“हा कशाचा?”

तिनं भोपळ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “तुमच्या हातचं पानी प्यायचं. आनि हात न धुता भामीला घ्यायचं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बापानं, पिराजीनं, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या पोटात होते. विटाळ हा शब्द आमच्या घरात उच्चारला तर तो ताटावरून उठायचा. मी शिकले, परमुलखात राहिले, आणि परत येऊन एका बाईच्या भीतीत सगळ्यात वरचा भोपळा झाले! पण ती रडत होती, आणि तिनं खरं सांगितलं होतं. खरं सांगणाऱ्या पेशंटवर रागवायचं नसतं. राग मी बाकीच्यांसाठी राखून ठेवला.

जाताना आत आलेल्या नानासाहेबांनी विचारलं, “भोपळा असा वर का मांडलाय?” केशरनं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला, पण आवाज गोडच राहिला.

“बाई, तेवढी एक पायरी सोडा. ती काय आजाराची न्हाय, ती रीत हाय.”

“कुठं रीत संपते आणि कुठं आजार सुरू होतो, ते मला दाखवा. मी तिथं थांबते,” मी म्हणाले. त्यांनी भोपळा पिशवीत घातला.

कामाला सुरुवात तर बरी झाली. केशर उंबऱ्याला हात लावायची आणि बसायची. घामाघूम व्हायची, ओठ थरथरायचे, मग हळूहळू श्वास ठिकाणावर यायचा. घरी रोज करायला मी सांगितलं होतं आणि ती करतेय म्हणायची. केरसुणी झाली, चप्पल झाली. हातांच्या भेगा भरल्या. नानासाहेब खुशीत होते. “पानी निम्म्यावर आलं, बाई! गाव गप झालं.”

पण माझं समाधान होईना. दर बाजाराला ती यायची आणि पुन्हा उंबऱ्यापासून सुरू करावं लागायचं. माझ्यासमोर उतरलेली भीती घरी जाऊन परत चढून बसायची. भामीला तिनं अजून बोट लावलं नव्हतं. हात बरे आणि बाई तशीच, असं कसं होईल? आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. मी ठरवलं, आता घर बघायचं.

फाट्यावर एसटीतून उतरले आणि ढेकळं तुडवत गावात गेले. टँकर यायचा दिवस होता. पाटलाच्या दारापासून घागरी, हंडे, डबे यांची रांग लागलेली. रांग संपल्यावर थोडी जागा मोकळी सोडून आणखी काही भांडी होती, ती आमच्या लोकांची. तिथं नागूबाई नावाची एक म्हातारी भांड्यांवर सावलीसारखी बसून होती. तिनं मला जय भीम केला. मीही केला.

नानासाहेबांनी ओसरीवर खुर्ची दिली आणि माणूस पाठवून दुकानातून गोल्डस्पॉटची बाटली मागवली. गावात प्यायला पाणी नाही आणि माझ्यासाठी थंडगार बाटली! बघणाऱ्याला वाटेल, केवढा मान. मला कळायचं ते कळलं. बाटली दुकानात परत जाते, घरचं भांडं घरात राहतं. मी ती तशीच पायाशी ठेवली.

केशर बाहेर आली. मी सांगितलं, रोज करतेस तसं कर. तिनं वाकून नवऱ्याच्या चपलेच्या तळाला पंजा लावला आणि जोत्यावर बसली. श्वास वाढला. मी म्हणाले, “असू दे. बसून राहा.” तेवढ्यात आतून सासू, सरुबाई, लगबगीनं आल्या. हातात चरवी, चरवीत आंब्याचं पान. त्यांनी पान बुडवून केशरच्या हातांवर शिंपडलं. गोमूत्राचा वास आला.

“झालं. शुद्ध झालीस माय. आता भिऊ नगं,” सरुबाई म्हणाल्या, आणि केशरचे खांदे एकदम सैल पडले.

मी उठून उभी राहिले. “हे रोज करता?”

“रोज? दर बारीला करते,” सरुबाई अभिमानानं म्हणाल्या. “तुमीच म्हनला न्हवं, पानी लावायचं न्हाय. मंग गोमतीर लावतो. पोरीच्या जिवाला बरं वाटतं, दुष्काळात पान्याची बी बचत.”

त्या माझ्याकडं शाबासकीसाठी बघत होत्या. सुनेसाठी उन्हातान्हात गोठ्यात चरवी धरून उभी राहणारी सासू होती ती. पण मला तिची दया आली नाही. तिनंच आधी सांगितलं की तुझ्या हातानं लेकरू मेलं, आणि आता रोज तेच सांगत होती, आंब्याच्या पानानं. भीती उतरायला लागली की चरवी हजर. भीती आपली आपण उतरते, हे केशरला एकदाही बघायला मिळालं नव्हतं. माझे एवढे आठवडे त्या चरवीत वाहून गेले होते.

“हे आजपासून बंद,” मी म्हणाले.

“का म्हनून?” नानासाहेब त्यांच्या खुर्चीतून उठले. “पानी वाचतंय. हात बरं झालं. मला तर बरी दिसती.”

“पोरगी तिच्या मांडीवर बसत नाही तोवर काहीही बरं झालेलं नाही.”

“पोरीला सांभाळाय माझी आई हाय.”

“मग बायकोला कशाला आणलं होतंत? टँकरच दाखवायचा होता मला!”

रांगेतल्या बायका आता उघड उघड ऐकत होत्या. नानासाहेबांनी आवाज उतरवला. “म्या वळखतो तुमाला. त्यो भोपळा तुमाला सोडवंना. हिच्या आजारावर तुमी तुमचं जुनं उट्टं काढताय.”

मला संताप आला. तरी मी स्वतःला विचारलं, हा खरं बोलतोय का? त्या ओसरीवर मला त्याच्या सात पिढ्यांना पाणी पाजावंसं वाटत होतं, हे खोटं नाही. म्हणून मी त्याच्याकडं पाठ केली आणि केशरसमोर उकिडवी बसले.

“केशर, भोपळा तू ठेवलास, मी नाही. तुला नको असेल तर मी आत्ता जाते. जबरदस्ती नाही.”

“त्यो सोडला तर बाकीचं टिकंल का, ताई?”

“नाही टिकायचं. वरची भीती तशीच राहिली की घसरत खाली येते. परत उंबऱ्यापर्यंत येईल.”

“आनि भामी?”

मी दाराकडं बघितलं. उत्तर तिलाही माहीत होतं. दारात भामी उभी होती, नाक वाहत होतं, आणि आईकडं जायचं नसतं हे शिकल्यासारखी चौकटीला धरून थांबली होती. दोन वर्षांच्या पोराला हे शिकवलं होतं त्या घरानं!

टँकरचा हॉर्न वाजला. धूळ उडाली, बायका उठल्या, भांड्यांचा खणखणाट झाला. त्या गडबडीत केशर जोत्यावरून उतरली आणि सरळ टँकरकडं चालू लागली. मी मागोमाग गेले. पाइपाशी पोचल्यावर ती वळली. “द्या,” म्हणाली.

माझ्याकडं भांडं नव्हतं. मागून पुढं आलेल्या नागूबाईनं काही न विचारता आपला तांब्या दिला. मी पाइपाखाली धरून भरला. मी वळले तर केशरनं ओंजळ पुढं केलेली, मान खाली, मी वरून ओतेन म्हणून.

माझी आजी अशीच प्यायची. ओंजळ करून, कमरेत वाकून, वरून कुणीतरी अंतर राखून ओतायचं. मी क्षणभर त्या ओंजळीकडं बघितलं. ओतलं असतं तर नानासाहेब म्हणतात ते उट्टं निघालं असतं, आणि गोडही लागलं असतं. मी केशरचे हात सोडवले आणि तांब्याच तिच्या हातात दिला.

“तोंड लावून पी,” मी म्हणाले.

सगळा गाव थांबला. पाइपातून पाणी कुणाच्या तरी भरलेल्या हंड्यावरून वाहत होतं, तिकडंही कुणाचं लक्ष नव्हतं. केशरनं तांब्या तोंडाला लावला. दातांवर तो वाजत होता. ती सगळं पाणी प्यायली, तिनं तांब्या नागूबाईला परत दिला, हातानं हातात, आणि ओसरीकडं निघाली.

भामीपाशी ती थांबली. मला वाटलं, इथंच अडेल. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे. भीती तसूभरही उतरलेली नव्हती, उलट चढत होती. तिनं वाकून पोरीच्या काखेत हात घातले आणि उचललं. पोर आधी लाकडासारखी ताठ झाली. मग तिनं आईचं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि तोंडात घातलं.

“बाटलं गं माझं लेकरू!” सरुबाईंनी टाहो फोडला आणि चरवी घेऊन धावल्या. “पयलं गेलं, आता हे बी घालवती!”

ते शब्द केशरला लागले. ती हलली, डोळे मिटले. पण पोर खाली ठेवली नाही. “आत्याबाई,” ती म्हणाली, “चरवी ऱ्हाऊ द्या. आपलं लेकरू हगवनीनं गेलं. माझ्या हातानं न्हाय.”

हे वाक्य मी तिला कधी पाठ करून दिलं नव्हतं. ‘माझ्या हातानं गेलं याला पुरावा काय?’ एवढं मात्र दर बाजाराला विचारत होते. तेव्हा ती कधी काही बोलली नव्हती.

आणि मग नानासाहेबांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हा माणूस पाण्याच्या थेंबाथेंबासाठी बायकोला हाकलून द्यायला निघालेला. तो तरातरा टँकरपाशी गेला, एका बाईची घागर पायानं बाजूला सारली, बादली काठोकाठ भरली आणि अर्धा रस्ता सांडत आणून केशरच्या पायाशी आदळली. सोबत साबणाची वडी.

“हात धू,” तो म्हणाला. “पोरगी खाली ठेव आनि सगळ्यांच्या म्होरं हात धू.”

मला हसू आलं असतं, जर एवढा संताप नसता. एवढे महिने धुते म्हणून शिव्या, आणि आज धूत नाही म्हणून! मी पुढं होणार होते, पण केशरनं मान हलवून मला थांबवलं. ती बादलीकडं बघत होती. तिला ते पाणी हवं होतं, मला दिसत होतं. तहानलेल्या गुरासारखी तिची बोटं पोरीच्या झबल्यावर वळवळत होती.

“धुतीस का न्हाय? न्हायतर आत्ताच्या आत्ता वाशीची गाडी धर!”

“धरते की,” केशर म्हणाली. आवाज फुटत होता, पण शेवटच्या भांड्यापर्यंत पोचला. “हिला कडंवर घेऊनच धरते. हात न्हाय धुवायची.” तिनं भामीला आणखी वर, खांद्याशी घेतलं. “माझं हात रिकामं न्हाईत.”

नानासाहेब बादलीशेजारी उभे होते, पाणी डचमळून पार थांबलं तरी. शेवटी मागून, मोकळ्या सोडलेल्या जागेच्या पलीकडून, नागूबाई बोलली.

“पाटील, बाई धूत न्हाय म्हनती. मंग ती बादली हिकडं वता. आमची घागर अजून कोरडीच हाय.”